पेचकस कोणाच्या हाती? खेड्यातील हायस्कुलात मुलींचा रोबोटिक्स संघ उभारताना

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते, आणि गेली काही वर्षे शाळेचा रोबोटिक्स संघही माझ्याकडे आहे. आपल्या शाळेत असा संघ सुरू करावा आणि त्यात मुली असाव्यात असे ज्या शिक्षकांना वाटते, परंतु सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पालकांना आणि आठवी-नववीतील मुलींनाही तो वाचता यावा असा प्रयत्न केला आहे. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची ओळख आधीपासून आहे, त्यांना मधला तांत्रिक भाग प्राथमिक वाटेल; त्यांनी तो ओलांडून पुढे जावे.

आधी माझीच चूक सांगते. आमच्या पहिल्या संघात तीन मुलगे आणि दोन मुली होत्या आणि तेवढ्यावर मी समाधानी होते. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमची नववीतील मुलगी रोबोटची माहिती इतकी अस्खलित सांगत होती, की येणारे-जाणारे थांबून ऐकत होते. परीक्षकांनी मध्येच विचारले, "हे डावे चाक बंद पडले तर आधी काय तपासशील?" तिने मागे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिले. त्याने पुढे होऊन उत्तर दिले, परीक्षकांनी मान डोलावली आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. परतीच्या बसमध्ये मी मनाशी हिशेब मांडला. चार महिन्यांत या दोघींनी तक्ते रंगवले, नोंदवही लिहिली, माहिती पाठ केली, टेप कापून दिली. जोडणी आणि कोड त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. अक्षर चांगले म्हणून वही त्यांच्याकडे गेली आणि पेचकस ज्याने पहिल्या दिवशी उचलला त्याच्याचकडे राहिला.

म्हणून संघात मुली किती, हे मोजण्याआधी हत्यार कोणाच्या हातात किती वेळ असते ते मोजावे. वहीच्या पानावर मुलगे आणि मुली असे दोन रकाने करावेत आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून, त्या क्षणी पेचकस, सोल्डरिंग आयर्न (धातू वितळवून तारा जोडायचे तापते हत्यार) किंवा लॅपटॉपचा कळफलक ज्याच्या हातात असेल त्याच्या रकान्यात एक रेघ मारावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा मुलांच्या रकान्यात ओळभर रेघा झाल्या आणि मुलींच्या रकान्यातील रेघा एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. हे पान मी मुख्याध्यापकांना दाखवले आणि मुलांनाही दाखवले. मुलगे खरोखरच चकित झाले, कारण आपण काही हिसकावून घेत आहोत असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

वर्षाची आखणी

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे हातात मिळणारे महिने मुळातच कमी असतात. जुलै ते सप्टेंबर हा आमचा खरा हंगाम. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी सुरू होते, घरोघरी माणूसबळ कमी पडते आणि मुली सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी वावरात असतात. भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी आणि मळणी, तर वऱ्हाडात इतरत्र सोयाबीनची सोंगणी याच सुमारास येते. ज्या शिक्षकाने हे लक्षात न घेता दिवाळीनंतरच्या रविवारी जादा सराव ठेवला, त्याच्या संघातून आधी मुली गळतात आणि मग "मुलींना आवडच नाही" असा निष्कर्ष निघतो. वेचणीच्या काळात रविवारी सराव ठेवू नये, आणि चालता-फिरता साधा रोबोट दिवाळीच्या सुट्टीआधी तयार असावा.

निवड आठवीतून करावी. दहावीची मुलगी दुसऱ्या सत्रात बोर्डाच्या परीक्षेला लागते आणि तिला अडवणे योग्यही नाही. आठवीत आलेली मुलगी मात्र दोन पूर्ण वर्षे मिळते, आणि दुसऱ्या वर्षी तीच नव्या मुलींना शिकवते. निवडीसाठी गुणपत्रिका पाहू नये असे माझे ठाम मत आहे. गणितात जेमतेम उत्तीर्ण होणारी, पण घरच्या सायकलची साखळी स्वतः चढवणारी मुलगी या कामाला पहिल्या क्रमांकाच्या मुलीइतकीच, कधीकधी अधिक, उपयोगी ठरते.

घरची संमती आणि शेवटची बस

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो द्यावा. पत्र पाठवून काम होत नाही. घरी जावे लागते, शक्य तर एखाद्या सहकारी शिक्षिकेला सोबत घेऊन, संध्याकाळी वावरातून माणसे परतल्यावर. पहिल्या वर्षी मी तंत्रज्ञान, भविष्य, संधी असे बरेच बोलले. एका आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले, पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाल्या, "ते रोबोट-बिबोट ठीक आहे जी मॅडम, पण पोरगी घरी कितीक वाजता येईन ते सांगा." त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी आधी वेळापत्रक तयार करते आणि मगच उंबरठा चढते.

आमच्याकडे बाहेरगावाहून येणाऱ्या बहुतेक मुली एसटीने येतात. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाची निळी बस शाळेच्या वेळेनुसार धावते. ही बस चुकली तर पुढची बस असेलच असे नाही. म्हणून शाळा सुटल्यानंतरचा सराव हा खेड्यातील मुलींसाठी जवळजवळ बंद दरवाजाच असतो. आम्ही सरावासाठी तीन निरनिराळ्या वेळा वापरून पाहिल्या. मधली सुट्टी फार तोकडी पडते. साहित्य मांडेपर्यंत घंटा होते. शाळा भरण्याआधीचा तास हिवाळ्यात जमत नाही. शेवटी मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातील कार्यानुभवाच्या दोन तासिका सलग करून घेतल्या, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारच्या बसपर्यंत सराव ठेवला. आपल्या गावची बस कोणत्या वेळेला आहे हे पाहून प्रत्येक शाळेला हे गणित स्वतः मांडावे लागेल. परंतु बस आधी आणि सराव नंतर, हा क्रम बदलू नये.

घरी सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत: कोणते दिवस, किती ते किती, सोबत गावातील आणखी कोण आहे, खोलीत शिक्षिका असेल की नाही, आणि खर्च. खर्चाबद्दल वडील मंडळी उघडपणे विचारत नाहीत, एका बाबांनी मात्र विचारले, "काही जळलं-बिळलं तं पैसे कोनाले भरा लागन?" त्यांना स्पष्ट सांगावे की कोणालाही नाही. हे नुसते सांगण्यापुरते राहू नये, यासाठी शाळेने फुटतूट म्हणून वर्षाला हजार-बाराशे रुपये बाजूला काढून ठेवावेत. याचे महत्त्व पुढे येईलच. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मुलगी शनिवारी थांबू शकत नसेल, तर भावंडालाही घेऊन येऊ द्यावे. आमच्या प्रयोगशाळेत दोन-तीन लहान मुले खडूने जमिनीवर रेघोट्या ओढत बसलेली असतात. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

अभ्यासाची काळजी असणाऱ्या पालकांना नववीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून दाखवावे. धाराविद्युत हे प्रकरण या कामात रोज वापरले जाते, आणि दहावीला विद्युतधारेच्या परिणामांत विद्युत चलित्र, म्हणजे मोटर, येतेच.

संघाची बांधणी

तीन मुलांमध्ये एकच मुलगी ठेवू नये. ती एकटी पडते आणि पहिल्याच मतभेदात गप्प होते. कमीत कमी दोन मुली एकत्र असाव्यात. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडसारख्या स्पर्धेत संघ दोन किंवा तीन विद्यार्थ्यांचाच असतो. तेथे सरळ मुलींचाच संघ करावा. फर्स्ट टेक चॅलेंजसारख्या स्पर्धेत संघात पंधरापर्यंत विद्यार्थी चालतात आणि मिश्र संघाला वाव असतो, पण त्याचा खर्च खेड्यातील एकट्या शाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मुली वेगळ्या ठेवाव्यात की मिश्र, यावर शिक्षकांत बराच वाद होतो. माझा अनुभव असा की पहिले सहा आठवडे मुलींचा गट स्वतंत्र बसवावा आणि हात बसल्यावर मिश्र करावे. सुरुवातीलाच मिश्र केल्यास ज्याने घरी मोटारसायकल उघडून पाहिली आहे तो मुलगा स्वाभाविकपणे पुढे सरसावतो. सहा आठवड्यांनंतर मात्र कायमचे वेगळे ठेवण्याचे कारण उरत नाही, कारण पुढे पॉलिटेक्निकला किंवा कारखान्यात त्यांना एकत्रच काम करायचे आहे.

कामाचे चार भाग पाडावेत: सांगाडा व चाके, वायरिंग, कोड, नोंदी व सादरीकरण. दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाचे काम बदलावे आणि बदलाचा तक्ता भिंतीवर लावावा. त्यासोबत एक नियम आम्ही फार काटेकोरपणे पाळतो: दुसऱ्याच्या हातातील हत्यार घ्यायचे नाही, तोंडाने सांगायचे, हात मागे बांधून. मीसुद्धा हा नियम पाळते आणि तो मलाच सर्वांत जड जातो. मुलगी तिसऱ्यांदा तीच तार चुकीच्या भोकात खोचत असताना हात मागे ठेवणे ही शिक्षकाची कसोटी असते.

मुलींची बोटे नाजूक म्हणून त्यांना सोल्डरिंग चांगले जमते, असे कौतुकाने म्हणणारे लोक भेटतात. हे ऐकायला गोड वाटते, परंतु त्यातून पुन्हा कामाची वाटणीच होते. सोल्डरिंग ज्याने पन्नास टाके मारले त्याला जमते.

साहित्य

आपल्या शाळेत किंवा जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, हे प्रथम पाहावे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रयोगशाळा दिल्या. सुरुवातीच्या रचनेत प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान होते, त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षे चालवण्यासाठी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. लॅब असणे आणि ती उघडी असणे यांत मात्र अंतर आहे. मी एका शाळेत गेले तेव्हा थ्रीडी प्रिंटरवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गुरुजी रजेवर होते. आमच्याकडे किल्लीची नोंदवही नववीतील एका मुलीकडे असते. खोली कोणी उघडली, काय घेतले, काय परत ठेवले हे ती लिहिते. हे काम कारकुनी वाटेल, पण ज्या मुलीकडे किल्ली असते ती त्या खोलीत पाहुणी राहत नाही.

लॅब नसली तरी अडत नाही. एक आर्डुइनो उनो (कोड भरता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड), एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर (मोटरींना पुरेशी धारा देणारा बोर्ड), दोन बीओ मोटर (गिअर असलेल्या छोट्या मोटरी) व चाके, पुढचे फिरते कॅस्टर चाक, दोन इन्फ्रारेड सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता तारा खोचून परिपथ जोडायची पाटी), जम्पर वायर (जोडणीच्या तयार तारा), १८६५० जातीचे दोन लिथियम सेल, त्यांचा होल्डर व चार्जर एवढ्यात पहिला रोबोट होतो. स्थानिक बनावटीचा बोर्ड घेतल्यास हे सारे साधारण दोन हजार रुपयांत बसते. नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन सर्व मिळते. सांगाड्यासाठी सनबोर्ड किंवा पातळ प्लायवूड पुरते. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि धारा मोजायचे यंत्र) मात्र टाळू नये; एक वेळ दुसरा रोबोट नसला तरी चालेल.

पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशी रोबोटचे नावही काढू नये. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक मुलगी एक एलईडी जाळते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, हात लांब ठेवून, रोधक न लावता एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचा. तो क्षणभर लखकन चमकतो, जळका वास येतो आणि विझतो. मग तोच प्रयोग २२० ओहमचा रोधक लावून ५ व्होल्टवर करायचा आणि ओहमचा नियम मांडायचा: लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट भागिले २२०, म्हणजे साधारण १४ मिलिअँपिअर, एवढी धारा त्याला सोसते.

हा उद्योग मी एका प्रसंगानंतर सुरू केला. आमच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीने बॅटरीची टोके उलटी जोडली आणि ड्रायव्हर जळला. ती पांढरी फटक पडली. हळूच म्हणाली, "मॅडम, बाबाले सांगान काय?" त्यानंतर दोन आठवडे तिने कशालाही हात लावला नाही. आमच्या घरांतून मुलगा काही मोडतो तेव्हा तो खटपट्या ठरतो, मुलीच्या हातून मोडले तर तिच्या नावाने नुकसान लिहिले जाते. ही भीती घेऊन आलेली मुलगी वही-पेनाकडे वळणारच. दोन रुपयांचा एलईडी शिक्षिकेच्या सांगण्यावरून जाळला, की त्या भीतीची पहिली गाठ सुटते. फुटतूट खाते त्यासाठीच हवे.

दुसऱ्या आठवड्यात बीओ मोटर दोन साध्या सेलना जोडून फिरवावी, तारा उलट्या करून ती उलटी फिरते हे पाहावे. मल्टिमीटरने सेलचा व्होल्टेज मोजणे आणि तार सलग आहे का हे बीपच्या आवाजावरून तपासणे, या दोन गोष्टी प्रत्येकीला झोपेतही याव्यात इतक्या करून घ्याव्यात. तिसऱ्या आठवड्यात आर्डुइनोवर एलईडी उघडझाप करायला लावावा. मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडू नये. पिनला सुमारे २० मिलिअँपिअरपर्यंतच भार सोसतो आणि मोटर त्याच्या कित्येक पट धारा ओढते. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. चौथ्या आठवड्यात एक मोटर, पाचव्यात दोन्ही.

येथे नवख्या संघांच्या तीन चुका हमखास होतात. पहिली, दुकानदाराने दिलेल्या चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर रोबोट चालवणे: ती दोन मोटरींचा भार पेलत नाही, काही मिनिटांत मान टाकते आणि मुली कोडमध्ये चूक शोधत बसतात. दुसरी, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड (ऋण टोके) एकमेकांना न जोडणे. मग मोटर कधी फिरते, कधी नुसती थरथरते. तिसरी चूक गमतीची आहे: रोबोट सरळ जाण्याऐवजी जागच्या जागी घाण्याच्या बैलासारखा गरगर फिरतो. एका मोटरच्या तारा अदलाबदल केल्या की तो वाटेवर येतो.

सेलबाबत मात्र गंमत नको. १८६५० चे सेल ब्रँडचे आणि नवे घ्यावेत, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले नकोत. त्यांची टोके एकमेकांना टेकली तर आग लागू शकते. चार्जिंग कोणीतरी खोलीत असतानाच करावे. सोल्डरिंग करताना आणि मोटर फिरत असताना ओढणी कमरेला खोचलेली व वेणी मागे बांधलेली असावी. शिसे असलेल्या सोल्डरमुळे नंतर साबणाने हात धुवावेत.

सहाव्या आठवड्यात रेघेवरून चालणारा रोबोट करावा. मार्गासाठी बाजारातील छापील कापड आणू नका. निवडणूक किंवा वाढदिवस उरकल्यावर चौकातील फ्लेक्स उतरवतात. तो मागून घ्यावा आणि पालथा घालून पांढऱ्या बाजूवर काळ्या इन्सुलेशन टेपने वळणे काढावीत. पांढरा भाग इन्फ्रारेड किरण परावर्तित करतो, काळा शोषून घेतो, एवढ्या भेदावर सेन्सर चालतो. आमचा रोबोट सकाळी शिस्तीत चालला आणि दुपारी खिडकीजवळच्या वळणावर दर वेळी भरकटू लागला. सगळ्यांनी टेप बदलली, वेग कमी केला, कोड दोनदा वाचला. आठवीतील एका मुलीने काही न बोलता वहीचा पुठ्ठा खिडकीच्या बाजूला आडवा धरला, आणि रोबोट वळण घेऊन नीट पुढे गेला. उन्हातही इन्फ्रारेड असते, हे तिला माहीत नव्हते. खिडकीजवळच असे होते, एवढे तिने पाहिले होते. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने सेन्सरभोवती झालर लावली. ती झालर अजून आहे.

यानंतर दर पंधरा दिवसांनी एक बिघाडाचा तास ठेवावा. शिक्षकाने आधीच रोबोटमध्ये एक खोड काढून ठेवायची: एखादी तार आतून तुटलेली, एखादा सेल उतरलेला, कोडमध्ये पिनचा आकडा चुकवलेला. मुलींनी शोधायचे आणि कोणत्या क्रमाने शोधले ते सांगायचे. डावे चाक बंद असेल तर आधी सेलचा व्होल्टेज, मग तारेचा बीप, मग डावी मोटर उजव्या मोटरच्या जागी जोडून पाहणे; तेथे ती फिरली तर दोष ड्रायव्हरचा किंवा कोडचा, नाही फिरली तर मोटरचा. मी ज्या प्रश्नाला प्रदर्शनात हरले, त्याचे उत्तर पाठ करून येत नाही, या तासांतून येते.

कोड आणि इंग्रजीची धास्ती

कोडिंगसाठी मुलींना बुद्धीची अडचण येत नाही, इंग्रजीची येते. पहिल्या रोबोटला लागणाऱ्या आज्ञा डझनभरच असतात. त्यांचा तक्ता भिंतीवर लावावा: पिनमोड म्हणजे पिनचे काम ठरवणे, डिजिटलराइट म्हणजे पिन चालू किंवा बंद करणे, डिले म्हणजे थांबणे. कोडमधील टिपा मराठीत लिहायला सांगाव्यात. चित्रठोकळ्यांची स्क्रॅचसारखी भाषा आधी महिनाभर वापरली तरी चालते, परंतु फार काळ तेथे रेंगाळू नये.

एकच लॅपटॉप असेल तर दोघींनी मिळून बसावे. एकीने लिहावे, दुसरीने मोठ्याने वाचून चूक सांगावी, आणि पंधरा मिनिटांनी जागा बदलावी. वीज गेली की हाच वेळ कागदावर कोड लिहिण्याला द्यावा. इंटरनेट बरे असेल तेथे टिंकरकॅड या संकेतस्थळावर परिपथ जोडून पाहता येतो, तेही मोफत. स्वस्त आर्डुइनो बोर्ड संगणकाला दिसत नसेल तर घाबरू नये. बहुतेक वेळा बोर्डावरील सीएच३४० या यूएसबी चिपची ड्रायव्हर फाइल, म्हणजे संगणकाला बोर्ड ओळखायला लावणारी फाइल, टाकायची राहिलेली असते.

विषयाची निवड

प्रत्येक प्रदर्शनात स्वयंचलित कचरापेटी आणि अंधांची काठी हटकून असते. परीक्षक कंटाळलेले असतात आणि मुलींना त्या कामाशी देणेघेणे नसते. विषय मुलींच्या घरून यावा. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामाची आठवण अजून घरोघरी आहे. गेल्या वर्षी आमच्या मुलींनी पराटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींमधून चालणारी आणि माणूस लांब ठेवून फवारणारी छोटी गाडी करायला घेतली. टाकीत अर्थातच साधे पाणी होते. फरशीवर गाडी उत्तम चालली. वावरात नेली तर काळ्या मातीत पाचव्या पावलाला चाके लडबडून भरली आणि मोटर घुं घुं करीत थांबली. एकीच्या वडिलांनी बांधावरून पाहिले आणि बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाची रुंदी, पावसानंतर वाफसा यायला, म्हणजे माती कामाजोगी सुकायला, लागणारे दिवस यांवर मुलींशी तासभर बोलत बसले. मुलींनी चाके रुंद केली, त्यांवर सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे चिकटवले. गाडी अजूनही ओल्या मातीत चालत नाही. प्रदर्शनात त्यांनी हे स्वतःहून सांगितले आणि त्यावरच परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न विचारले.

अशी कल्पना इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत जरूर पाठवावी. नामांकन शाळेमार्फत ऑनलाइन होते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी १० हजार रुपये थेट खात्यात मिळतात. म्हणून मुलीचे बँक खाते सुरू आहे का आणि आधारवरील नाव शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे जुलैमध्येच पाहून ठेवावे. एका चांगल्या कल्पनेचा अर्ज आमच्याकडे नावातील एका अक्षराने अडला होता.

स्पर्धेला नेताना

पहिल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनापलीकडे जाऊ नये. तेथे मराठीत बोलता येते, संध्याकाळी घरी परतता येते आणि हरण्याचे ओझे नसते. मुक्कामी जायचे असेल तेव्हा सोबत शिक्षिका असणे अनिवार्य समजावे. नसेल तर एखाद्या मुलीच्या आईला किंवा काकूला न्यावे. मुक्कामाच्या जागी मुलींची खोली आणि स्वच्छतागृह कसे आहे हे आयोजकांना फोन करून आधी विचारावे, सॅनिटरी पॅड साहित्याच्या पेटीतच ठेवावेत आणि त्याबद्दल मुलींना आधी सांगून ठेवावे. या गोष्टींचा संकोच शिक्षकाने केला, तर मुलगी "घरून नाही म्हणतात" असे सांगून मोकळी होते आणि खरे कारण कधीच कळत नाही.

सादरीकरणात कोणी काय बोलायचे हे वाटून देऊ नये. आम्ही आदल्या दिवशी चिठ्ठ्या उचलतो. जिला चाकांची चिठ्ठी येईल तिने चाकांवर बोलायचे, मग तिने शेवटचे दोन आठवडे कोडवर काम केलेले का असेना.

मुलींना दूरच्या स्पर्धांचीही माहिती द्यावी. २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या फर्स्ट ग्लोबल या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धेसाठी अफगाणिस्तानातील हेरातच्या मुलींच्या संघाला व्हिसा दोनदा नाकारला गेला होता आणि शेवटच्या घटकेला तो मिळाला. हे ऐकून आमच्या मुलींनी पहिला प्रश्न विचारला तो व्हिसाचा नव्हता, "त्याईच्या घरचे कसे तयार झाले?" असा होता. आपल्या गावातील सर्वांत दूरची सीमा कोणती, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

दहावीनंतर

शिक्षकाने एप्रिलमध्येच पालकांना पुढील वाटा सांगाव्यात, कारण निकालानंतर घरातील निर्णय फार लवकर होतात. आयटीआय आणि दहावीनंतरची तंत्रनिकेतन पदविका या दोन्हींत मुलींसाठी राखीव जागा असतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. हे खेड्यात अजून अनेकांना माहीत नाही. नववी ते बारावीच्या मुलींसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा विज्ञान ज्योती कार्यक्रम नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. जिल्ह्याच्या नवोदयात चौकशी करावी. नागपूरला जाणे झाले तर रामन विज्ञान केंद्र दाखवावे, पण त्याच दिवशी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळाही दाखवावी. तेथे लेथवर काम करणारी मुलगी दिसली, तर माझ्या तासाभराच्या भाषणाचे काम पाच मिनिटांत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक काम राहते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत लिथियम सेल खराब होतात. सर्व सेल होल्डरमधून काढावेत, पूर्ण भरलेले किंवा पूर्ण उतरलेले न ठेवता प्रत्येकी ३.७ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान आणून, टोकांना टेप लावून, शाळेतील सर्वांत थंड खोलीत ठेवावेत. आमच्याकडे ती खोली म्हणजे जुन्या मातीच्या भिंतींचे ग्रंथालय. दहावीत जाणारी मुलगी प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून वहीत लिहिते, आठवीतील मुलगी तो पुन्हा मोजून पाहते, दोघींचे आकडे जुळले की दोघी सही करतात आणि किल्ली आठवीतील मुलीकडे जाते.